झाकणावरचा लाल दोरा

व्हिक्टोरिया,
५ ऑक्टोबर २०२२

प्रिय लौगा,

काल तुझ्या मुलाचा फोन आला, म्हणून हे पत्र लिहिणं भाग पडलं. एरवी मी नाताळपर्यंत लिहिलं नसतं, कारण माझ्या मागच्या पत्राचं उत्तर तुझ्याकडून अजून यायचं आहे. फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं ऐकू आल्यासारखं तू दाखवतेस. तेव्हा कागदावरच विचारते.

बाल्डुर म्हणतो, रविवारी चर्चच्या सुगीच्या जेवणात तू तमाशा केलास. शब्द त्याचा आहे, माझा नाही. जेवणं झाल्यावर गोधडीची सोडत निघाली. नंबर दुसऱ्याच कुणाचा लागला, तरी तू उठून पुढे गेलीस, गोधडी अंगाभोवती लपेटून घेतलीस आणि 'हिला माझी आठवण येत होती' असं सगळ्या गावासमोर जाहीर केलंस. मग पाद्रीबाई आभार मानत होत्या तेव्हा हसत सुटलीस ती थांबेचना. मग अंगात कोट असताना कोट शोधत फिरलीस.

त्या संध्याकाळी तिथे कुणाचंच काही धड नव्हतं म्हणे. वाल्डिना थोरलाक्सन पियानोवर एकच स्तोत्र पुन्हा पुन्हा वाजवत राहिली, आणि म्हातारा स्काप्टी खुंटीवर टांगलेल्या कोटांना तळ्यातल्या माशांबद्दल सांगत बसला. पण वाल्डिनाला दुसरं स्तोत्र येत नाही, आणि स्काप्टीचं ऐकून घ्यायला आता कोटच उरले आहेत, तेव्हा ते सोडून देऊ.

तुझं सोडून देता येत नाही. बाल्डुरने तुझ्या गाडीची किल्ली काढून घेतली आहे. १ डिसेंबरला गिमलीच्या दवाखान्यात तुझ्या स्मरणशक्तीची तपासणी ठरवली आहे. त्यात काही निघालं तर घर विकायचं आणि तुला कॅलगरीला, त्याच्या घराजवळच्या एका 'छान सोयीच्या' इमारतीत न्यायचं, असं तो म्हणाला. सातवा मजला. ते घर माझ्या भावाने, तुझ्या ब्योसीने, स्वतःच्या हातांनी बांधलं आहे, आणि तू त्यात पन्नास वर्षं राहिली आहेस. मी त्याला सांगितलं, आधी मी चौकशी करते.

तेव्हा खरं काय ते लिही. दारू असेल तर दारू लिही. आपल्या आइसलँडी घराण्यात तीन पिढ्या कुणी शिवलेली नाही, पण मी सहन करीन.

तुझी नणंद,
राग्ना


बिर्कीनेस,
१३ ऑक्टोबर

वन्सं, साष्टांग नाही पण मनापासून नमस्कार, कंबर वाकत नाही.

तुमच्या मागच्या पत्राला उत्तर लिहिलं होतं. पाकिटातही घातलं होतं. मग ते पाकीट कुठे ठेवलं ते आठवेना. हे बाल्डुरला सांगू नका.

दारू नव्हती. ब्योसीची शपथ. आमचा जेवणाचा नंबर लागायला उशीर होता, तेवढा वेळ तळघरात बसून तीन कप कॉफी घेतली, आपल्या नेहमीच्या पद्धतीने, साखरेचा खडा दातांत धरून. चर्चमध्ये हल्ली कागदी पुड्यांतली भुरभुरीत साखर ठेवतात. ती दातांत कशी धरायची? म्हणून मी घरून माझा डबा नेला होता. आमच्या टेबलावर सगळ्यांना फिरवला. वाल्डिना, स्काप्टी, म्हातारी योहान्ना, सगळ्यांनी घेतली, डबा तिथेच संपला. बाल्डुरने नाही घेतली, तो कॅलगरीचा झालाय, काळी कॉफी पितो. मग टर्की, बटाटे आणि कोबीचे रोल. बस्स.

गोधडीचं मला आठवतं. वन्सं, ती खरंच फार मऊ होती.

पण घरी कशी आले ते आठवत नाही. तेच मला खातंय. माझी आई शेवटी मला विचारायची, 'बाई, तुमचं माहेर कुठलं?' पोटच्या पोरीला! तिला ते चौऱ्याहत्तराव्या वर्षी सुरू झालं. मला ऑगस्टमध्ये चौऱ्याहत्तर पूर्ण झाली.

त्या रविवारपासून झोप नाही. हातांची बोटं रात्रभर ठणकतात. काही केल्या लागू पडत नाही.

तुमची,
लौगा


व्हिक्टोरिया,
२० ऑक्टोबर

प्रिय लौगा,

'काही केल्या' म्हणजे काय केल्यावर?

मी आयुष्यभर मुलींना गृहशास्त्र शिकवलं. कुणी 'सगळं नेहमीसारखंच केलं, तरी केक बसला' म्हणालं, की मी तिला कपाट उघडायला लावत असे. दहांतल्या नऊ वेळा मैद्याच्या डब्यात भलतंच काही असे. तू कपाट उघड. तोंडात जाणारी प्रत्येक वस्तू बाहेर काढ आणि तिच्यावरचं लेबल वाचून मला लिहून पाठव. औषधंही. अंदाजाने लिहू नकोस.

तुझ्या आईचं मला आठवतं. तिला जे झालं ते हळूहळू झालं, दोन-तीन वर्षं लागली. एका संध्याकाळी, टर्की आणि गोड पदार्थ यांच्या मध्ये झालं नाही.

राग्ना


बिर्कीनेस,
२८ ऑक्टोबर

वन्सं,

तुम्ही सांगितल्याप्रमाणे कपाट उघडलं. आइस्क्रीमच्या बादलीत बीटाचं लोणचं आहे. मार्जरिनच्या डब्यात बटणं. दुसऱ्या मार्जरिनच्या डब्यात खरंच मार्जरिन निघालं, मीच दचकले. कॉफीच्या डब्यात ब्योसीचे खिळे, ते मी हलवत नाही. लोणच्याच्या बरणीत तांदूळ. आता यातलं कुठलं लेबल लिहून पाठवू? इथे कुणाच्या घरात डब्यावर असतं ते डब्यात असतं, सांगा. चांगला डबा टाकून द्यायला आपण काय शहरातले आहोत?

आता जे विचारलं नाहीत ते सांगते. रागावू नका. रागावाल, पण बसून रागवा.

पलीकडच्या शेतावर ओरेस्ट ह्रित्साक राहतो. विधुर आहे. वसंतात त्याने माझी बोटं पाहिली. म्हणाला, 'लौगाबाई, माझ्या गुडघ्यांना एका गोष्टीने आराम पडतो, पण तुम्ही आइसलँडवाले फार सोवळे.' मी म्हटलं, सांग तर खरं. मग त्याने मला त्याच्या गाडीतून गिमलीच्या दुकानात नेलं. परवान्याचं दुकान आहे, वन्सं. पाकिटावर सरकारी पट्टी असते. शब्द लिहीत नाही, आमची टपालवाली पाकिटं उजेडासमोर धरते. साखरेचे चौकोनी खडे असतात, त्यात ते घातलेलं. रात्री मी अर्धा खडा घेते आणि बोटं गप्प बसतात. सबंध उन्हाळा मी मेल्यासारखी झोपले.

पाकिटं पोरांना उघडता येऊ नयेत अशी केलेली आहेत. पोरांना येत असतील, मला येत नाहीत. दोन कोपरे दाबा आणि ओढा, असं चित्र काढलंय. माझी बोटं दाबतात तेव्हा ओढत नाहीत. म्हणून ओरेस्ट एकदम सगळी उघडतो आणि खडे डब्यात ओततो. (विधुर आहे, पण हातांत ताकद आहे.) डबे दोन, दोन्ही निळे, बिस्किटांचे. एकात कॉफीची साखर, एकात ती. घोटाळा नको म्हणून तिच्या झाकणाच्या कडीला मी लाल दोरा बांधलाय. इतकी मी वेडी नाही. जेवणाच्या आदल्या दिवशी तर खडे ताटांत काढून दोन्ही डबे घासून लख्ख केले, चर्चला न्यायचा म्हणून.

पण हल्ली लाल दोऱ्याच्या डब्यातला अर्धा सोडा, पूर्ण खडा घेतला, परवा तर दोन घेतले, ढिम्म परिणाम नाही. बोटं ठणकतात, मी छताकडे बघते. म्हणजे बिघाड साखरेत नाही, माझ्यातच आहे ना?

ओरेस्टच्या कचऱ्यातून एक रिकामं पाकीट काढलं, ते सोबत पाठवते. लेबल म्हणालात ना.

लौगा


व्हिक्टोरिया,
५ नोव्हेंबर

प्रिय लौगा,

गांजा. मी शब्द लिहिते. टपालवालीने खुशाल वाचावा.

मी बसून रागावले. आता पाकिटाकडे वळते. हे मात्र कबूल करावं लागेल, की तुझ्या कपाटातल्या सगळ्या वस्तूंपेक्षा याच्यावर जास्त खरं लिहिलं आहे. लाल अष्टकोन, त्यात पान आणि टीएचसी ही तीन अक्षरं, म्हणजे नशेचा अंश आहे. एका खड्यात टीएचसी पाच मिलिग्रॅम. पाकिटात खडे दोन. एकूण दहा. सीबीडी म्हणून दुसरा एक घटक असतो, तो शून्य. पाकीटबंद केल्याची तारीख, गटाचा क्रमांक, करपट्टी. खाली एक पिवळी चौकट आहे, ती तुझ्या ओरेस्टने उघडताना आडवी फाडली आहे. 'इशारा' आणि 'परिणाम' एवढे दोनच शब्द शिल्लक आहेत. हातांत ताकद आहे खरी.

आता हिशेब पाहा. ॲस्पिरिनची साधी गोळी तीनशे पंचवीस मिलिग्रॅमची असते. ती घेऊन कुणी गोधडीत शिरत नाही. तुझ्या खड्यात पाच. पाच मिलिग्रॅमने चिमणीसुद्धा झिंगणार नाही. तू स्वतःच लिहितेस की दोन खडे घेऊनही काही होत नाही. उन्हाळ्यात जी झोप लागली ती ओरेस्टच्या बोलण्याने लागली असेल.

म्हणजे कारण साखर नव्हे. हे लिहिताना मला आनंद होत नाही. तपासणीला जा. जे असेल ते कळू दे. बाल्डुरशी भांडू नकोस.

आणि तो विधुर आहे हे तू दोनदा लिहिलंस. एकदा पुरलं असतं.

राग्ना


बिर्कीनेस,
१४ नोव्हेंबर

वन्सं,

तुम्ही म्हणता तर तसंच असणार. तुम्ही कॉलेजात शिकलात, मी नाही.

बाल्डुरने त्या इमारतीचं माहितीपत्रक पाठवलंय. चित्रात सगळे म्हातारे हसतायत. स्वयंपाकघर कपाटाएवढं आहे, विनारतेर्ता केकचे सात थर पसरायला जागा नाही. म्हणून सासूबाईंचं भांडं मी काल स्काप्टीच्या सुनेला देऊन टाकलं. ती म्हणाली, 'कशाला देता, मावशी?' मी म्हटलं, विसरायच्या आत देते.

ओरेस्टला येऊ नकोस म्हणून सांगितलं. उद्या त्याला ओळखलं नाही तर त्याला वाईट वाटेल. तो फाटकाशी बराच वेळ उभा होता.

लौगा


व्हिक्टोरिया,
२१ नोव्हेंबर

प्रिय लौगा,

भांडं परत माग. आजच. ती मुलगी त्यात लाझान्या करील.

तुझं पत्र वाचून मला माझाच राग आला. जो पदार्थ मी चाखलेला नाही त्यावर मी निकाल दिला. वर्गातल्या मुलीने असं केलं असतं तर तिला मी बाहेर उभं केलं असतं. म्हणून आज सकाळी छत्री घेऊन दुकानात गेले आणि तेच पाकीट आणलं. तिथल्या मुलीने वयाचा पुरावा मागितला. मी विचारलं, मी एकोणिसाच्या आतली दिसते का? ती म्हणाली, 'नियम आहे, आजी.' मला ती आवडली.

पाकीट मलाही उघडेना. शेवटी मासे कापायची कात्री घेतली. हे कुणाला सांगू नकोस.

दुपारी जेवण झाल्यावर एक खडा दातांत धरून कॉफी घेतली. चव किंचित गवताची. निरीक्षण ताजं राहावं म्हणून लगेच लिहायला बसले आहे.

काही नाही.

भांडी घासली. खिडक्या पुसल्या. काही नाही. मी म्हटलंच होतं. दुसराही खडा घेतला, म्हणजे पाकीट पूर्ण झालं आणि शंका उरली नाही. आता पिवळी चौकट भिंगाखाली धरून वाचते. माझी फाटलेली नाही.

चौकटीत म्हटलं आहे की खाल्लेल्या किंवा प्यायलेल्या मालाचा पूर्ण परिणाम जाणवायला चार तासांपर्यंत लागू शकतात आणि तो बारा तास टिकू शकतो. पहिला खडा घेऊन मला तास झाला आहे.

हे वाक्य आधी वाचायचं असतं.

किटली फार सुबक आहे. चाळीस वर्षं तिच्यात पाणी तापवलं आणि एकदाही तिच्याकडे नीट पाहिलं नाही. मी तिला तसं सांगितलं.

लौगा, मी दारूबंदी मंडळाची आजन्म सभासद आहे. मी हसत नाही. मी तोंड उघडं ठेवून बसले आहे आणि त्यातून आवाज येतो आहे.

चौकटीतलं फ्रेंच इंग्रजीपेक्षा जास्त दयाळू वाटतं.

ब्योसी लहानपणी झाकणं वाजवायचा. सगळ्या डब्यांची झाकणं काढून अंगणात वाजवायचा, आणि आई संध्याकाळी कुठलं कशाचं ते लावत बसायची. कधी जुळायची नाहीत. मला तो फार आठवतो आहे. रडत नाही. किटलीची वाफ आहे.

थांब. हातातून निसटायच्या आत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवते.

माझा खडा लागू पडला. तुझा पडत नाही. पाकीट तेच.

झाकणं.


२२ नोव्हेंबर, सकाळ

वरचं पान मी फाडणार होते. फाडत नाही; तो पुरावा आहे.

डोकं आता साफ आहे. आधी माझी चूक. मिलिग्रॅम हे वजन आहे, ताकद नव्हे. चमचाभर साखर आणि चमचाभर मिरपूड सारखीच भरते, म्हणून खिरीत सारखीच घालायची का? ॲस्पिरिनचा आकडा या आकड्याशेजारी ठेवायचाच नव्हता. नवख्याने अडीच मिलिग्रॅमपासून सुरुवात करावी, म्हणजे तुझा अर्धा खडा. तो तू बरोबर घेत होतीस.

आता तुझी. तू दोन्ही डबे घासलेस, दोन्ही सारखे, आणि झाकणं अदलाबदल करून लावलीस. लाल दोरा साध्या साखरेवर गेला. ती तू गेले कित्येक आठवडे औषध म्हणून खाते आहेस; बोटं ठणकणारच. आणि साधं झाकण घालून जो डबा चर्चला गेला, त्यात ती होती. तीन कप, तीन खडे, पंधरा मिलिग्रॅम. आणि खडे पोटात गेल्यापासून जेवण होईपर्यंतचा वेळ, चौकटीत लिहिल्याप्रमाणे. तुझी आई तुझ्यात उगवलेली नाही, लौगा. तुला साखर चढली होती.

झाकणाला कधी नाव देऊ नये. डब्याच्या अंगाला द्यावं. झाकण हिंडतं. हे मी दर सप्टेंबरमध्ये पहिल्या दिवशी फळ्यावर लिहीत असे, आणि घरच्या माणसाला एकदाही सांगितलं नाही.

आता जे हसण्यासारखं नाही ते. तो डबा तू टेबलावर फिरवलास. वाल्डिना, स्काप्टी, योहान्ना. त्यांना कुणी विचारलं होतं का? स्काप्टी तळ्याच्या कडेने गाडी चालवत घरी जातो. त्याला काही झालं असतं तर तुला आणि मला तोंड दाखवायला जागा नव्हती. तू त्यांना तोंडाने सांगशील, समोर उभी राहून. आणि डॉक्टरीणबाईंनाही. हे पत्र जलद टपालाने पाठवते आहे. बाल्डुरला वाचायला दे. सगळं.

राग्ना


बिर्कीनेस,
२ डिसेंबर

वन्सं,

पत्र तपासणीच्या आदल्या दिवशी पोचलं. बाल्डुर त्याच्या आदल्या रात्रीच आला होता. त्याला दिलं. वाचून म्हणाला, 'आई, हे सगळं आत्याने नशेत लिहिलंय.' मी म्हटलं, अर्धंच. तो किटलीचा भाग मग त्याने पुन्हा वाचला. मला वाटतं त्याला तुम्ही पहिल्यांदा माणूस वाटलात.

पण ऐकलं नाही. म्हणाला, 'तपासणी होऊ दे.' नेलं.

दवाखान्यात बाहेरच्या खुर्च्यांवर कोण बसलं असेल? वाल्डिना, तिची मुलगी शेजारी. स्काप्टी, सुनेबरोबर. योहान्ना, नातवाबरोबर. सगळं टेबलच्या टेबल, फक्त टर्की नाही. सगळी भिंतीकडे बघत.

मी वाल्डिनाला विचारलं, 'तू कशी इथे?'

'कान दाखवायला.'

स्काप्टी म्हणाला, 'गुडघा.'

योहान्ना म्हणाली, 'मला इथे कशाला आणलंय ते मला आठवत नाही,' आणि तिचा नातू रडवेला झाला.

मला कळलं, वन्सं. चौघांच्याही घरी गेले दोन महिने तेच चाललंय जे माझ्या घरी, आणि कुणी कुणाला सांगितलेलं नाही. मी उभी राहिले. म्हटलं, 'तुमच्या डोक्यांना काही झालेलं नाही. ती माझी साखर होती.' आणि सगळं सांगितलं. डबे, झाकणं, ओरेस्ट, गोधडी.

मग वाल्डिना म्हणाली, 'मी रोज सकाळी उठल्या उठल्या नातवंडांची नावं पाठ म्हणते, लौगा. मोठ्याने. एखादं राहील या भीतीने. आणि तू साखर म्हणतेस?' मी तिचा हात धरायला गेले, तिने काढून घेतला. बरोबरच केलं तिने.

स्काप्टीची सून म्हणाली, 'आम्ही यांची होडी विकायला काढली होती.'

'काय?' स्काप्टी ओरडला. 'माझी होडी?' मग माझ्याकडे वळून म्हणाला, 'गाडी मी चालवली नाही, काळजी करू नकोस. किल्ली सापडली नाही. त्याच खुंटीवरच्या कोटात होती. पण एक सांगतो, कोटांनी ऐकून फार छान घेतलं.'

योहान्नाने मला वाकायची खूण केली. ती एक्याण्णवची आहे. कानात म्हणाली, 'अजून आहे का?'

मग वाल्डिना हसली. हसायचं नव्हतं तिला, ते दिसत होतं. अजून पुरतं माफ केलेलं नाही. रविवारी तिने मुद्दाम दुसरं स्तोत्र वाजवलं तर समजा मिटलं.

डॉक्टरीणबाईंनी माझी तपासणी केली. घड्याळाचं चित्र काढायला लावलं, काढलं. प्राण्यांची नावं सांगा म्हणाल्या, मी तळ्यातल्या माशांपासून सुरुवात केली, तेव्हा त्याच म्हणाल्या, 'पुरे, लौगाबाई.' सगळं ठीक आहे. वर्षाने पुन्हा या. आणि घरात डब्यांना नावं घाला.

परतीच्या वाटेत बाल्डुरने गाडी हळू केली. मग म्हणाला, 'आई, आता विसरण्याची भीती नाही. पण घरात काय कशात आहे ते तुलाच माहीत नसेल, तर तुला एकटीला कसं ठेवू?' किल्ली दिली नाही. खिशात वाजत होती.

त्याचंही चुकत नाही, हाच त्रास आहे. उद्या त्याने गाडी कॅलगरीकडे वळवली तर मी काय बोलू?

लौगा


व्हिक्टोरिया,
९ डिसेंबर

बाल्डुर,

मी येते आहे. सतरा तारखेला आईच्या स्वयंपाकघरात हजर राहा. किल्ली घेऊन ये.

तुझा प्रश्न रास्त आहे, म्हणूनच येते. तुझ्या आईला सातवा मजला नको आहे. तिला लेबलं हवी आहेत. ती मी लावीन. ओरेस्ट ह्रित्साक यांनाही बोलाव. त्यांच्या शेताच्या फाटकाशी जाऊन बोलाव, फोनवर नाही. तुझ्या आईने त्यांना येऊ नको म्हटलं आहे, ते तुझ्यामुळे.

माझ्या पत्राचा पहिला भाग तू तुझ्या बायकोला वाचून दाखवलास असं कळलं. तो परत कर.

आत्या


नोंद
बिर्कीनेस, १७ डिसेंबर २०२२, लौगाचं स्वयंपाकघर. हजर: लौगा, बाल्डुर, ओरेस्ट ह्रित्साक आणि लिहिणारी राग्ना.

कपाटातल्या प्रत्येक डब्याच्या अंगावर, झाकणावर नव्हे, आत जे आहे त्याचं नाव चिकटवण्यात आलं. खिळ्यांच्या डब्यावर 'ब्योसीचे खिळे' असं लिहिलं आहे. बटणांचा डबा उघडला तेव्हा त्यात लौगाचं सप्टेंबरचं पत्र सापडलं, माझ्या नावाचं, पाकिटासह. ते मला देण्यात आलं.

निळे डबे दोन्ही रिकामे करून बाल्डुरकडे दिले. तो त्यांत काय ठेवील ते त्याने त्यांच्या अंगावर लिहावं.

यापुढे ती साखर मूळ पाकिटातच राहील, लेबल आणि पिवळी चौकट शाबूत. पाकिटं कुलुपाच्या पेटीत. पेटी लौगाच्या ताब्यात दिली. पाकीट एका वेळी एकच उघडायचं, आणि ते उघडायला ओरेस्ट ह्रित्साक यांनी यायचं. त्यांनी विचारलं, 'रोज?' लौगा म्हणाली, 'एक पाकीट चार रात्री पुरतं.' ते म्हणाले की रोज आलेलं बरं, नीट लक्ष राहील. कुणी हरकत घेतली नाही. चौकट न फाडता पाकीट कसं उघडायचं ते मी त्यांना कात्रीने दाखवलं.

विनारतेर्ताचं भांडं स्काप्टीच्या सुनेने परत आणून दिलं. त्यात लाझान्या केला होता.

गाडीची किल्ली बाल्डुरने लौगाच्या हातात दिली. ज्या रात्री खडा घेतला असेल त्या रात्री नाही आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही नाही, असं त्याने म्हटलं आणि तिने मान्य केलं. किल्ली मुठीत धरून बसली. कॉफी थंड झाली तरी मूठ उघडली नाही.

मी व्हिक्टोरियाहून बॅगेतून तीन पाकिटं, मोजून, मूळ लेबलासह, लौगाच्या पेटीसाठी आणली होती. दोन तिच्याकडे दिली.

एक माझ्याकडे राहिलं. माझीही बोटं दुखतात. ते ओरेस्टने उघडलं.

सह्या:
लौगा
बाल्डुर
ओरेस्ट ह्रित्साक
राग्ना (अर्धा खडा, जेवणानंतर)